येऊरचा 'हिवाळी मशरूम वॉक': टोपली रिकामी, पोट भरलेलं

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे ते इथूनच सुटतील. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातला हा वॉक चांगला, गाईड एक नंबर, नाश्ता त्याहून एक नंबर, सोबत दिलेलं धिंगरीचं (म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, घरी वाढवायचं) किट चक्क चाललं, आणि जाहिरात म्हणजे शुद्ध थाप. पाचापैकी तीन देतेय. एक स्टार जाहिरातीने खाल्ला आणि एक त्यांच्या व्हॉट्सअपवरच्या उत्तराने, ते पुढे येईलच.

नाव मुद्दाम टाकत नाहीये. छोटा धंदा आहे, चार पोरं मिळून चालवतात, एका जाहिरातीपायी त्यांचं वाटोळं व्हावं असं मला काही वाटत नाही. आणि तसंही हल्ली जंगलात फिरवून आणणारे ठाण्यात बरेच झालेत, त्यातल्या कुणाकडेही पैसे भरण्याआधी हे वाचलेलं बरं.

तर झालं असं की जानेवारी संपता संपता इन्स्टावर एक पोस्ट दिसली. वेताची टोपली, त्यात काठोकाठ पिवळीधमक, नारिंगी, तपकिरी मशरूम, मागे धुकं, आणि वर लिहिलेलं की हिवाळा संपायच्या आत या आणि येऊरच्या जंगलात स्वतःच्या हाताने मशरूम गोळा करा. मोठ्यांना १४९९, दहा वर्षांच्या आतल्यांना ९९९, त्यात नाश्ता, टोपली, एक छोटा चाकू आणि घरी न्यायला मशरूमचं किट. मी वर्तकनगरला राहते, येऊर म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसतं, म्हटलं इतकी वर्षं नुसते डोंगर बघतोय, एकदा जाऊन तरी येऊ. नवऱ्याला रविवारी उठवणं माझ्याच्याने होत नाही, त्यामुळे मी, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. ३९९७ रुपये गेले.

आई (म्हणजे सासूबाई, माहेर सासर दोन्ही कुडाळकडचं, वय ६८) फोटो बघून एवढंच म्हणाल्या, "माघात खंयची गो अळमी?" (अळमी म्हणजे अळंबी, पावसात वारुळावर उगवणारं रानातलं मशरूम.) मी म्हटलं आई, ते लोक अभ्यास करून करत असतील, त्यांना माहीत असेल. आता लिहिताना माझं मलाच हसू येतंय. ज्या बाईने लहानपणापासून श्रावणात वारुळं पालथी घातली तिला मी इन्स्टाची पोस्ट दाखवून शिकवत होते.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, पावणेसातला उपवन तलावापाशी जमायचं होतं. आम्ही साडेसहालाच हजर. गाडी सुटली सात पंचवीसला कारण घोडबंदर रोडवरून येणारं एक कुटुंब 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणत चाळीस मिनिटं लावून आलं. याला आयोजक काय करणार, पण निदान थांबलेल्यांना चहा तरी द्या ना. तलावाकाठी एकच टपरी उघडी होती, तिथे आम्ही वीस जण एकदम धडकलो, त्या काकांची बोहनी मात्र जोरात झाली.

गाडीत प्रत्येकाला टोपली आणि चाकू मिळाला. टोपल्या खरंच सुंदर होत्या, त्या बघून सगळ्या ग्रुपला असा काही उत्साह आला की अर्धे फोटो तिथेच काढून झाले. मग आली फॉरेस्टची चौकी. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, हे ठाणेकरांना माहीत असतं पण लक्षात नसतं. नोंदणी चालू असताना चौकीवरच्या गार्डने खिडकीतून आत डोकावून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "टोपल्या कशाला घेतल्यात?" कुणीतरी उत्साहाने सांगितलं, मशरूम तोडायला! त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाला, नॅशनल पार्कातून काडी उचलायची नाही, पान नाही, फूल नाही, दगड नाही, मशरूमचं तर नावच काढू नका, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आहे, टोपल्या आणि चाकू गाडीतच राहतील. आणि राहिले. वीस टोपल्या मागच्या सीटवर एकात एक रचून ठेवल्या, थेट परत येईपर्यंत.

इथे माझं पहिलं भांडण आहे. चार वर्षं हा धंदा करताय, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीतच होतं. टोपली फक्त फोटोपुरती होती. मग जाहिरातीत 'गोळा करा' कशाला लिहायचं, 'ओळखायला शिका' लिहा की, मी तरीही आले असते. कदाचित नसते आले, म्हणूनच लिहिलं नसावं.

आता गाईडबद्दल. तिशीतला मुलगा, वनस्पतीशास्त्र शिकलेला, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, पाठीवर पाण्याची स्प्रे बाटली. पहिल्याच वळणावर थांबून त्याने सगळ्यांना सरळ सांगितलं की आज खाण्याजोगं एकही मशरूम दिसणार नाही, जाहिरात मी बनवत नाही, ज्यांना परत जायचंय त्यांनी आत्ता सांगा. कुणी गेलं नाही पण कुजबुज जोरदार झाली. एका काकूंनी तर विचारलंच, निदान गुच्छी तरी? तो म्हणाला काकू, गुच्छी हिमाचल काश्मीरकडे, बर्फ वितळल्यावर, वसंतात, इथे ठाण्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. तिथून पुढे वातावरण हलकं झालं आणि मलाही तो आवडायला लागला.

त्याने समजावलं ते मला फार पटलं. आपण ज्याला मशरूम म्हणतो ते म्हणजे फळ. झाड जमिनीत किंवा लाकडात, पांढऱ्या धाग्यांचं जाळं, ते बारा महिने असतं. आंब्याचं झाड माघातही असतंच ना, पण त्याला आंबा नसतो, तसं. आणि हे फळ म्हणजे जवळजवळ ९० टक्के पाणी, पाऊस ऑक्टोबरात गेलाय, पानं चुरचुर वाजतायत, ते पाणी आणणार कुठून? विलायतेत हिवाळा ओला असतो, पडलेली लाकडं भिजून चिंब असतात, म्हणून तिकडे जानेवारी फेब्रुवारीतही काही जाती मिळतात. एक तर गोठून पुन्हा सैल झाली तरी मरत नाही, तिच्याच जवळची बहीण म्हणजे मॉलमध्ये पांढऱ्या लांब दोऱ्यांसारखी पाकिटात मिळते ती एनोकी, अंधारात वाढवल्यामुळे अशी पांढरीफटक आणि उंच होते. लाल भडक वाट्यांसारखी एक बुरशीही तिकडच्या हिवाळ्यातच येते. म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्याने तिकडचा फोटो आणि तिकडचं वाक्य दोन्ही उचललं, आणि खाली 'येऊर, ठाणे' टाकलं. आई मागून म्हणाल्या, "मी काय म्हणा होतंय?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि तरी दोन तास कसे गेले कळलं नाही, हेही लिहायलाच हवं.

वाटेच्या कडेला एक मेलेली फांदी पडलेली, मी एकटी असते तर त्यावर पाय देऊन पुढे गेले असते. त्यावर नखाएवढे करडे पांढरे पंखे, वरून लोकरीसारखे केसाळ, वाळून आकसलेले, मेलेलेच वाटत होते. भिंगातून खालची बाजू बघितली तर पंख्याच्या बारीक घड्या, आणि प्रत्येक घडी मधोमध उभी चिरलेली, दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला मिटलेल्या, जशी एखादी बया उन्हात पदर घट्ट लपेटून बसते. त्याने फांदी उचलली नाही, आहे तिथेच बाटलीतून तीन चार फवारे मारले आणि म्हणाला येताना बघू. अर्ध्या तासाने परत आलो तर त्या सगळ्या चिरा उलगडलेल्या! पंखे फुगून सपाट झालेले, मऊ. लेक तिथेच फतकल मारून बसली, उठेच ना. हे असं वर्षानुवर्षं कोरडं राहून पाणी लागलं की पुन्हा जागं होतं म्हणे, आणि जगभर सापडतं. मणिपुरात हे आवडीने खातात, तिकडे याला कांगलायेन म्हणतात. आणखी एक गंमत, या बुरशीत आपल्यासारखे नर मादी असे दोनच प्रकार नाहीत, २३ हजारांहून जास्त प्रकार आहेत आणि जवळपास कुणाचंही कुणाशी जुळतं. हे ऐकून ग्रुपमधल्या एका आजोबांनी "मग पत्रिका बघायची भानगडच नाही" असं म्हटलं आणि दिवसभरातला सगळ्यात मोठा हशा तोच.

बाकी दिसलं ते भराभर सांगते. वाळक्या ओंडक्यावर शेंदरी लाल कडक चकत्या, इतक्या लाल की कुणी रंगवून ठेवल्यात वाटावं. काळे कोळशासारखे गोळे, फोडले तर आत कांद्यासारखे थर असतात म्हणे, पण फोडायला परवानगी नाही, सो त्याने फोनवरचा फोटो दाखवला. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी ताटाएवढी लाकडी कंसासारखी बुरशी, तिच्यावर कोकोसारखी तपकिरी पूड बसलेली, ते तिचेच बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी समजा. आणि वाळून जळक्या चामड्यासारखे झालेले 'कान', ज्यांचे भाऊबंद आपण चायनीजमध्ये काळं मशरूम म्हणून खातो. काटेसावरीला बहर होता, खाली मांसल लाल फुलांचा सडा, लेकीने एक उचललं आणि गार्ड काकांची आठवण होऊन परत ठेवलं, मला तिचं कौतुक वाटलं, मी स्वतः पर्समध्ये टाकलं असतं.

दगडफुलाचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. एका खोडावर राखाडी पांढरे पापुद्रे होते, गाईड म्हणाला हे दगडफुलाच्या जातकुळीतलं, आणि दगडफूल म्हणजे काय, तर बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. आई थांबल्या. दर वर्षी एप्रिलात आमच्याकडे मालवणी मसाला होतो, चार किलो मिरची, त्यात दगडफूल त्या स्वतः निवडून, कचरा काढून घालतात. म्हणाल्या, "म्हणजे पन्नास वर्षां मी मसाल्यात बुरशी घालतंय?" गाईड हो म्हणाला. त्यावर त्यांनी शेजारच्या काकूंकडे बघितलं, ज्या मघापासून आम्ही चातुर्मासात मशरूमला शिवत नाही असं सांगत होत्या, आणि काही बोलल्या नाहीत. न बोलता कसं बोलायचं हे त्यांच्याकडून शिकावं.

त्याने विषारी मशरूमवर चांगला पाऊण तास घेतला, उभ्याने, आणि कुणी जांभई दिली नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण किंवा तांदूळ टाकला की रंग बदलतो, किड्यांनी कुरतडलेलं असेल तर माणसालाही चालतं, हे सगळं खोटं. शिजवल्यावर विष जातं हेही खोटं, सगळ्यात जहाल जे विष आहे ते उकळून, तळून, वाळवून कशानेच जात नाही. आणि त्याचा डाव असा की खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधी त्याहूनही जास्त, मग उलट्या जुलाब, मग दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं, माणूस म्हणतो सुटलो, आणि तोवर आत लिव्हरचं काम तमाम होत असतं. म्हणून मशरूम खाऊन उशिरा त्रास सुरू झाला तर तो जास्त धोक्याचा, आणि बरं वाटलं म्हणून घरी बसायचं नाही. उरलेलं मशरूम पिशवीत घालून सोबत घेऊनच दवाखान्यात जायचं. मोबाईलवर फोटो काढून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर भरवसा ठेवून ताटात वाढणं म्हणजे तर आत्महत्याच, हे त्याचं वाक्य.

मला हे ऐकताना आमच्या सोसायटीतले काका आठवले. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये लॉनवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, ताटलीएवढ्या, अगदी देखण्या, मधे तपकिरी खवले. बी विंगमधल्या काकांनी त्या गोळा केल्या, गावी आम्ही हेच खातो म्हणाले, भाजी केली, आणि दोन तासांत नवरा बायको दोघं बाथरूमच्या दारात. रात्रभर सलाईन. वाचले, पण आठवडाभर पेज. गाईडला वर्णन सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, छत्रीच्या खाली हिरवट झाक होती का? होती की नव्हती ते मला कुठे माहीत, पण तो म्हणाला लॉनवर पावसाळ्यात येणारी हिरव्या बीजाणूंची एक जात आहे, कोवळी असताना पांढरीशुभ्र, खाण्याच्या जातीसारखीच दिसते, आणि अमेरिकेत तर सगळ्यात जास्त लोक हिलाच फसतात. ओळखायची युक्ती म्हणजे छत्री कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर ग्लास, सकाळी कागदावर पूड पडलेली असते, ती हिरवी असेल तर हीच. पण पूड हिरवी नाही म्हणजे खायला हरकत नाही असा अर्थ अजिबात नाही, हे त्याने तीनदा सांगितलं, म्हणून मीही सांगतेय.

नाश्ता पाड्यावर एका ताईंच्या अंगणात. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, लसणाची लाल चटणी, कांदा, आणि कोरा चहा. १४९९ मधले पाचशे तरी या बिरड्यासाठी मी आनंदाने दिले असते. वाल इतके नीट सोललेले की एकाही दाण्याला साल नाही, आईंनी ताटातला एकेक दाणा तपासून मान हलवली आणि आमच्या घरात ती मान सहसा कुणासाठी हलत नाही. ताईंना अर्थात सगळ्यांनी मशरूमचं विचारलंच. त्या हसल्याच आधी. म्हणाल्या आता काय, पाऊस पडू दे, विजा कडाडू दे, मग या. आमची ठरलेली वारुळं असतात, आमच्या आजीने दाखवलेली, तिथलीच आणतो, दुसरीकडची कितीही चांगली दिसू दे, आम्ही ओळखत नाही ते आम्हीपण खात नाही.

मग आई आणि त्या अशा काही गप्पांना बसल्या की गाडी निघायला पंधरा मिनिटं उशीर झाला, आणि या वेळी उशीर करणारे आम्ही होतो. वारुळावरच्या अळंबीचं देठ खाली मातीत शेपटीसारखं लांब जातं, ते अलगद काढायचं, खणायचं नाही, वारूळ मोडलं तर पुढच्या वर्षी उपवास, यावर दोघींचं एकमत. गाईड बाजूला बसून ऐकत होता, मग त्याने त्यामागचं सांगितलं, की वाळवी ही चक्क शेती करते. पानं, लाकूड चावून त्याचे पोळ्यासारखे गोळे करते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसात त्या पोळ्यातून जे वर येतं ते आपलं. वाळवीशिवाय हे पीक माणसाला अजून नीट घेता आलेलं नाही, म्हणून बटण मशरूम बारा महिने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळतं आणि गावची अळमी श्रावणातच मिळते, तीही नशिबात असेल तर.

अकरा वाजता उपवनला परत. टोपल्या परत घेतल्या! मला वाटलेलं घरी न्यायच्या, पण 'त्या शूटसाठी असतात' असं उत्तर. किट मात्र दिलं.

संध्याकाळी मी त्यांच्या नंबरवर मेसेज टाकला, अगदी सभ्य भाषेत, की गाईड फार छान होता पण जाहिरातीतला फोटो बदला, लोक फसतात, आणि गोळा करायला बंदी आहे हे आधी सांगा. उत्तर आलं 'फोटो प्रातिनिधिक आहे', पुढे हात जोडलेला इमोजी. कशाचा प्रातिनिधिक? अळूवडीच्या पाकिटावर अळूचा फोटो प्रातिनिधिक असतो, आत अळू असतं. त्या उत्तरापायी मी चौथा स्टार कापला.

किटचं आता. पाण्यात उकळून घेतलेला भाताचा पेंढा, त्यात गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, पारदर्शक पिशवीत ठासून भरलेलं, साधारण दोन किलो. आमच्या हातात आलं तेव्हा पिशवी आतून पूर्ण पांढरी झालेली, म्हणजे मधली वीसेक दिवसांची वाट बघायची भानगड त्यांनीच उरकलेली. आपण फक्त ब्लेडने चार काप द्यायचे, सावलीत टांगायचं, आणि दिवसातून तीन चारदा पाणी फवारायचं. माहितीपत्रक फक्त इंग्लिशमध्ये, हे मला खटकलं, आईंनी ते उलटसुलट करून मला परत दिलं. सोबतचा स्प्रे दुसऱ्या दिवशी गळायला लागला, इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा आमचा जुना काढला.

फेब्रुवारीत ठाण्यात धिंगरीला तापमान ठीक असतं, पंचवीसच्या आसपास त्याला मानवतं, पण हवा कोरडी, ते झेपत नाही. पहिल्या चार दिवसांत कापातून मोहरीएवढे करडे ठिपके आले आणि त्यातले निम्मे वाळून पिवळे पडले. मग आईंनी पिशवी बाल्कनीतून काढून बाथरूमच्या खिडकीत टांगली आणि भोवती ओला पंचा. त्या दिवसापासून जे सुरू झालं, रात्री झोपताना वाटाण्याएवढं, सकाळी बोटाएवढं, शाळेतून येईपर्यंत शिंपल्याएवढं. लेक रोज पट्टी घेऊन मोजायची आणि पाटीवर लिहायची. एका गुच्छात अकरा, एकमेकांना ढकलत, कडा जरा खाली वळलेल्या, खालून पांढऱ्या घड्या देठावर उतरत आलेल्या. कडा वर वळायच्या आत काढायचं, नाहीतर बीजाणू उडतात, बंद खोलीत ते सारखे नाकात गेले तर काहींना खोकला धरतो. आम्ही सहाव्या दिवशी मुळापासून पिळून काढलं, किचनच्या काट्यावर ३४० ग्रॅम. बारा दिवसांनी दुसरं पीक, १९० ग्रॅम. बाहेर एवढं विकत घ्यायला दीडशे दोनशे गेले असते, म्हणजे पैसे वसूल वगैरे काही नाही, पण लेकीचा महिना छान गेला.

आईंनी पहिल्या पिकाचं सुकं केलं, कांदा, भाजलेलं खोबरं, त्यांचाच मसाला (बुरशीवाला, हे आता रोज ऐकवलं जातं), वरून दोन कोकमं. नवरा, जो वॉकला आला नव्हता, त्याने सगळ्यात जास्त खाल्लं. आईंचा निकाल: "मऊ हा, पण ही अळमी न्हय." गावच्या अळमीला मातीचा आणि पावसाचा जो वास असतो तो हिला नाही, हे मलाही पटलं, मी दोनदाच खाल्लीय तरी.

जायचं असेल तर जुलैतल्या बॅचला जा, तेव्हा बघायला खरंच काहीतरी असेल, पण तोडायला तेव्हाही मिळणार नाही हे धरून चला. बूट घाला, पूर्ण पँट, सकाळचा चहा घरी पिऊन निघा. गाडी नसेल तर ठाणे स्टेशनवरून टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस मिळते. लहान मुलांना न्या, आजी आजोबांना तर नक्की न्या. बुकिंग करताना गाईड कोण आहे ते विचारा, वनस्पतीवाला तो मुलगा नसेल तर मी तरी जाणार नाही. आईंनी आमच्या तिघींचं जुलैचं बुकिंग करायला सांगितलंय, वॉकसाठी नाही, पाड्यावरच्या ताईंना कुडाळचे काजू द्यायचेत म्हणून.

तिसरं पीक काही आलं नाही. दोन आठवडे वाट बघून आम्ही पेंढा कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला, खत होईल म्हणून. परवा सकाळी बघते तर त्यातून चार बारीक करड्या छत्र्या, काडीसारख्या देठाच्या, उभ्या. लेक ओरडत आली, आई मशरूम! सासूबाई चष्मा लावून वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या हात लावू नको, ही कोणाची ती आपल्याला माहीत नाही. दुपारी जेवण झाल्यावर बघितलं तर चारही विरघळून कुंडीच्या काठावरून काळी शाई ओघळत होती.